राहत्या जागेत ढोरं बांधायची तर: जागा कोणती, परवानगी कोणाची, कागद कोणते

पावसाळा लागला की आमच्याकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, ग्रामपंचायतीत दोन अर्ज वाढतात. एक, नाली काढून द्या. दुसरा, शेजाऱ्याची ढोरं हटवा. बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच असतं. उकंड्याचं (उकिरड्याचं) पाणी नालीत उतरतं, नाली तुंबली की ते कोणाच्या तरी अंगणात येतं, आणि मग सवाल निघतो की राहत्या जागेत ढोरं बांधता येतात का नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात घरी किती जनावरं ठेवावीत याचा आकडा कुठंच लिहिलेला नाही. चार गाई चालतात आणि पाचवी चालत नाही, असं कोणी सांगत असेल तर त्याला कलम विचारा. सगळं ठरतं जागेवरून. ती कागदावर कोणत्या वर्गाची आहे, तिच्यावर कोठा (गोठा) उभा करायला कोणाची परवानगी लागते, आणि त्या कोठ्याचा दुसऱ्याला त्रास आहे का, हे तीन सवाल वेगळे आणि त्यांची हापिसंही वेगळी. परवानगीचा कागद खिशात असला तरी घाणीबद्दल नोटीस येऊ शकते. आणि एकाही शेजाऱ्याची तक्रार नसली तरी सरकारी जागेवरचा कोठा पडू शकतो.

जागा कागदावर काय आहे

गावातली जुनी वस्ती म्हणजे गावठाण, ज्याला आपल्याकडे आबादी म्हणतात. गावठाणाची हद्द महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी ठरवतात. या हद्दीतल्या घराला सातबारा नसतो. लोकांकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. पण नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं होत नाही. मालकीच्या बाजूनं वजनदार कागद म्हणजे भूमी अभिलेख खात्याची मिळकत पत्रिका. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झालेल्या गावांत ती मिळते, सोबत सनदही.

या मोजणीत आमचाच घोटाळा झाला, म्हणून थोडं लांबण लावतो. ड्रोन यायच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या जागेच्या कडेनं चुन्याची रेघ मारायची होती. आमचे बाबा तुरीच्या वावरात होते. शेजाऱ्यानं मारलेली रेघ आमच्या कोठ्याच्या गव्हाणीवरून गेली. बाभळीच्या मेढी, वर टिन, खाली फरशी, असा पंचवीस वर्षांचा कोठा, आणि नकाशावर त्याचा अर्धा भाग रस्त्यात. चौकशीची नोटीस आली तेव्हा आम्ही ती वाचलीच नाही. नंतर दुरुस्तीसाठी मोजणीची फी भरून वर्षभर चकरा मारल्या. तुमच्या गावात मोजणी व्हायची असेल तर कोठा, उकंडा आणि कुटाराची (सुक्या चाऱ्याची) जागा, तिन्ही रेघेच्या आत घ्या. चौकशीच्या दिवशी स्वतः हजर राहून हरकत लेखी द्या. आणि नमुना ८ वर फक्त घर चढलेलं असेल आणि कोठ्याच्या जागी ‘खुली जागा’ लिहिलं असेल, तर कोठ्याची नोंद करून घ्या. कर थोडा वाढेल, पण कोठा जुना आहे हे दाखवायला उद्या तोच कागद कामी येतो.

गावठाणात कोठा बांधायचा असेल

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गावाच्या हद्दीत बांधकाम करायला किंवा पाडून पुन्हा बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागते. पक्का कोठा बांधकामातच मोडतो. ‘१,६०० चौरस फुटांपर्यंत काहीच लागत नाही’ असं २०२१ पासून सर्रास ऐकू येतं. सवलत आहे, पण कागदांतून सुटका नाही. मालकीचे कागद, नकाशा आणि वास्तुविशारदाचा दाखला ग्रामपंचायतीला द्यावाच लागतो.

अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावे करायचा. (ग्रामसेवक हे पद आता याच नावानं ओळखतात आणि तलाठी झाले ग्राम महसूल अधिकारी. गावात मात्र दोघांनाही अजून जुन्याच नावानं हाक पडते.) सोबत मिळकत पत्रिका किंवा नमुना ८, चालू वर्षाची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरल्याची पावती, आधार, आणि जागेचा हातनकाशा जोडा. हातनकाशात लोक घर, कोठा आणि रस्ता दाखवतात आणि मूत कुठं जाणार हेच विसरतात. ती नाली आणि तिचा शेवट दाखवा. जागा भावाभावांत सामाईक असेल तर सगळ्यांचं संमतिपत्र लागेल. शेजाऱ्याचं ना-हरकत पत्र कायद्यानं प्रत्येक वेळी लागतंच असं नाही, पण मी तरी घेतो. पुढं भांडण झालं तर हाच कागद आधी पाहिला जातो.

अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. ‘ठेवून जा, पाहतो’ म्हणजे पोच नव्हे.

लेआउटमधला प्लॉट

तालुक्याच्या गावाला लागून अकृषक (बिगरशेती) लेआउट पडले आहेत, तिथं गोष्ट वेगळी. प्लॉटच्या अकृषक आदेशात ‘निवासी प्रयोजन’ लिहिलेलं असतं आणि खाली अटी असतात. परवानगी एका कामाची आणि वापर दुसऱ्याच कामाचा झाला, तर महसूल अधिनियमाच्या कलम ४५ खाली दंड होतो आणि तो वापर बंद करायचा आदेशही निघतो. घरच्या दुधापुरत्या एका गाईवर कोणी तहसीलदार धावून आल्याचं मी पाहिलेलं नाही. पण प्लॉटवर दहा म्हशी, दारात दुधाचे कॅन आणि सकाळी गिऱ्हाइकांची रांग असेल, तर तो निवासी वापर आहे हे पटवणं कठीण. प्लॉट विकत घेण्याआधीच आदेशाची प्रत मागा. दलाल सातबारा दाखवतो, आदेश दाखवत नाही.

गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर ग्रामपंचायतीचे नियम सोडून नगरपंचायतीचे लागतात. शहरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांना मोकळं सोडण्यावर नियंत्रण ठेवणारा १९७६ चा राज्याचा वेगळा कायदा आहे. जिथं तो लागू केला आहे तिथं परवाना लागतो. नागपूरभोवतीच्या सातशेहून अधिक गावांत बांधकामाची परवानगी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे, तेव्हा तिथल्यांनी ग्रामपंचायतीचा कागद पुरेसा धरू नये.

वावरात कोठा

ज्याच्याकडे गावालगत वावर आहे त्याला माझा सल्ला एकच: जास्त ढोरं असतील तर तिकडं न्या. महसूल अधिनियमात ‘शेतघर’ या शब्दाच्या व्याख्येतच गुरांचा निवारा, चारा, खत आणि अवजारं ठेवायची जागा येते. कलम ४१ प्रमाणे शेतजमिनीवर असं शेतघर बांधायला अकृषक परवानगी लागत नाही. शहरांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतालच्या ठरावीक पट्ट्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियमावलीसुद्धा शेती विभागात जनावरांचे गोठे आणि कुक्कुटपालन चालू देते.

अडचण कायद्याची नाही, रात्रीची आहे. ताडोब्याच्या कडेच्या गावांत ढोरं घराला चिकटून का बांधतात हे शहरातल्या अधिकाऱ्याला सांगावं लागतं, गावात कोणाला नाही. वाघ नसला तरी बिबट असतो, तो नसला तर चोर. वावरात कोठा करायचा तर झोपायला माणूस, लाईट आणि मजबूत दार यांचाही खर्च धरा.

ई-क्लास, झुडपी जंगल आणि पांदण

इथं चूक केली तर सुटका नाही. अमरावती विभागात ज्याला ई-क्लास म्हणतात ती सरकारी, मुख्यतः चराईची जमीन. जनावरं चरायला नेण्याची सोय वेगळी आणि तिच्यावर कोठा ठोकणं वेगळं. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये दिला. त्यामागून जुलै २०११ मध्ये राज्यानं गायरानावरची अतिक्रमणं नियमित न करण्याचा निर्णय काढला. ‘दंड भरून नावावर करून देतो’ म्हणणारा तुम्हाला फसवतो आहे.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत आणखी एक प्रकार आहे: झुडपी जंगल. जागेवर पाहाल तर दोन बोरी आणि पळस, पण २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमिनीच धरल्या आहेत. म्हणजे तिथला कोठा हा वन कायद्याचा मामला झाला. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ हे शब्द दिसले की पाय मागं घ्या.

चराईच्या हक्कासाठी विदर्भात एक चांगला कागद आहे आणि तो फार कमी लोक मागतात: निस्तार पत्रक. महसूल अधिनियमाची कलमं १६१ ते १६७ विदर्भापुरती आहेत. गावच्या ढोरांनी कुठं आणि कोणत्या अटींवर चरायचं हे निस्तार पत्रकात असतं, आणि वाटा, पाणी यांसारख्या रिवाजी हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते. घराजवळ ढोरं कमी ठेवायची तर दिवसा ती कुठं न्यायची हे ठरलेलं हवं, आणि गायकी (गुराखी) लावण्याआधी हा कागद पाहिलेला बरा.

पांदण रस्त्यावर उकंडा घालण्याची सवय तर सगळीकडे. सार्वजनिक रस्ता आणि खुल्या जागेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार कलम ५३ खाली ग्रामपंचायतीला आहे. त्या कारवाईविरुद्ध अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे अमरावतीला किंवा नागपूरला. शेणाच्या ढिगासाठी तिथवर जाण्यापेक्षा ढीग हलवणं स्वस्त.

धंदा मोठा असेल तर

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डेअरी फार्म आणि गोशाळा राहत्या घरांपासून किमान २०० मीटर, आणि शाळा-दवाखान्यापासून ५०० मीटर लांब हवी. कोंबड्यांच्या फार्मसाठी वस्तीपासून ५०० मीटर. फार्म मोठा असेल तर राज्य मंडळाची संमती लागते. परसातल्या वीस गावरान कोंबड्यांना यातलं काही लागू नाही, हेही सांगून ठेवतो, कारण शेजारी हाच कागद छापून आणतो.

शेजाऱ्यानं तक्रार केली तर

आधी ग्रामपंचायतीची नोटीस येते. तिथं मिटलं नाही तर तक्रारदार उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जातो. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. त्याखाली सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश निघतो. त्यावर म्हणणं मांडायची संधी असते, ती सोडू नका. ‘शेतकऱ्यावर अन्याय’ या भाषणाचा तिथं उपयोग नाही. नालीचा फोटो, शेणखड्ड्याचा फोटो आणि परवानगीचा कागद यांचा आहे. आणि त्रास एकाच घराला असेल तर तो सार्वजनिक उपद्रव कसा, हेही विचारता येतं.

अनुदानाचा कोठा

शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयात २ ते ६ जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये आहेत, ६ च्या पुढे १२ पर्यंत दुप्पट. माप दिलं आहे ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद, सोबत २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं. हे टाकं आधी बांधा, शेजाऱ्याची निम्मी तक्रार तिथंच संपते. अर्जासोबत जॉब कार्ड, जागेचा कागद (सातबारा-आठ अ किंवा नमुना ८), जनावरं असल्याचा दाखला, आधार आणि बँक पासबुक लागतं. लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, दारिद्र्यरेषेखालचे, महिला किंवा दिव्यांग कुटुंबप्रमुख, वनहक्कधारक आणि अल्प-अत्यल्प भूधारक शेतकरी येतात. ग्रामसभेचा ठराव झाला की फाईल पंचायत समितीत जाते.

आणि तिथं पडून राहते. कारण त्या ७७,१८८ मध्ये मजुरी फक्त ६,१८८ आणि बाकी ७१,००० साहित्य. ही योजना रोजगार हमीतून चालते आणि तिथं मजुरी आणि साहित्याचं प्रमाण ६०:४० राखायचं असतं, म्हणून गावात मजुरीची कामं भरपूर निघाली तरच गोठे मंजूर करायला जागा राहते. ग्रामसभेत नुसतं ‘गोठे द्या’ म्हणू नका. त्याच ठरावात वृक्षलागवड किंवा शेततळ्यासारखी मजुरीची कामंही मागा. अर्जाच्या दिवशी चालू दर आणि नियम रोजगार सेवकाकडून विचारून घ्या. आणि कार्यारंभ आदेश हाती येण्याआधी एक वीटही लावू नका, आधी बांधलेल्या कोठ्याचे पैसे निघत नाहीत.

राहिला कानातला पिवळा बिल्ला. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, आणि सरकारी दवाखान्यात उपचारालाही तो विचारतात. बारा आकडी नंबर पशुवैद्यकीय दवाखान्यात मारून मिळतो. प्रत्येक ढोराचा नंबर एका वहीत उतरवून ठेवा, चौकशीला आलेला माणूस ‘किती जनावरं’ हा सवाल पहिला विचारतो.