इंद्रभुवनाची पार्श्वभूमी आणि चुन्याचा प्रश्न

इंद्रभुवन, म्हणजे सोलापूर महापालिकेचं आजचं मुख्यालय, बांधलं गेलं ते राहायला, कचेरीसाठी नव्हे. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी आल्यावर सोलापुरात पैसा खेळू लागला; त्या काळातल्या एका धनिकाची ही वास्तू. तिच्यात युरोपीय खांब-कमानी आणि देशी घुमट एकत्र नांदतात. नाव कुणी ‘भुवन’ लिहितं, कुणी ‘भवन’.

त्याहून मोठा घोळ ‘महापालिका’ या शब्दाचा. ६ एप्रिल १९३० ला तिरंगा महापालिकेवर फडकला, असं सर्रास छापतात. तेव्हा होती ती नगरपालिका. महापालिका १ मे १९६४ ची. चौतीस वर्षांचं अंतर एका शब्दात गिळलं जातं, आणि आजचं मुख्यालय म्हणून झेंड्याचा प्रसंग थेट इंद्रभुवनाला चिकटवला जातो.

आता खरा वाद : अशा इमारतीची डागडुजी चुन्यात करायची की सिमेंटमध्ये? सिमेंट स्वस्त, झटपट, आणि त्याचे गवंडी कुठेही मिळतात. पण चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट लागते. वरून सिमेंट थापलं की ती आतच कोंडते, क्षार पृष्ठभागामागे साचतात आणि गिलावा फुगतो. लाकडी हातोडीने ठोकून पाहावं. पोकळ वाजला की तो भाग गेलाच समजा. एवढं कळूनही सिमेंट थापणं ही बचत नाही, पुढच्या दुरुस्तीची सोय आहे.

कळीचा (भाजलेला, अजून पाणी न लागलेला) चुना भिजवून निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवावा, महिनाभर मुरला तर उत्तम. मग एका भागाला साधारण तीन भाग चाळलेली वाळू. गूळ-बेलफळाचं पाणी जुने कारागीर घालत, प्रमाण मात्र हातावरचं. थर दहा-बारा मिलिमीटरचाच. जाड मारला की वरून सुकतो, आतून कच्चा राहतो आणि तडकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर तासाभरात भेगा दिसतात, म्हणून काम पावसाळ्यानंतर काढावं आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावावं.

एवढं करूनही गच्चीची पन्हाळी तुंबलेली असेल तर सगळं व्यर्थ. तिथेच पिंपळ उगवतो. नुसता शेंडा छाटला की मूळ सांध्यात जाड होत राहतं आणि पुढच्या पावसात दगड सरकलेला दिसतो.