एमएसवर रिटुक्सिमॅब : पार्श्वभूमी

मिरजेला न्यूरोलॉजिस्टकडे एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते तो आजार) निदान झाले की घरच्यांच्या कानावर ज्या औषधांची नावे पडतात, त्यांत रिटुक्सिमॅब हमखास असते. माहितीपत्रकात मात्र लिम्फोमा, संधिवात असे आजार छापलेले, एमएसचा उल्लेख नाही. नातेवाईक बिचकतात, ते साहजिकच आहे.

१९९३ पूर्वी एमएसचा ॲटॅक आला, म्हणजे लक्षणे एकदम उसळली, की स्टेरॉइडचे सलाईन, फार तर प्रतिकारशक्ती दाबणारे अझाथायोप्रिन. मग इंटरफेरॉनची इंजेक्शने आली. टोचले की अंगात कणकण, ताप, सुईच्या जागी लाल गाठ. वर ती फ्रीजमध्येच ठेवायची. भारनियमनाच्या दिवसांत जत-आटपाडीकडच्या घरांना हे कसे जमावे? नटालिझुमॅब हे एमएसचे पुढचे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, मेंदूच्या जीवघेण्या विषाणुसंसर्गामुळे काही महिन्यांतच थांबले आणि २००६ मध्ये कडक अटींवर परतले.

खरा वाद रिटुक्सिमॅबचा. २००८ मध्ये त्याच्या १०४ एमएस रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. एमआरआयवरचे नवे डाग कमालीचे घटले होते. तरीही वारंवार ॲटॅक येणाऱ्या एमएससाठी पुढची मोठी चाचणी मूळ उत्पादकाने केलीच नाही. रिटुक्सिमॅबसारखेच बी-पेशींवर (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिकारपेशींवर) काम करणारे, नव्या पेटंटचे ऑक्रेलिझुमॅब त्याने पुढे आणले आणि २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. यात विज्ञानापेक्षा हिशेब जास्त होता, असे म्हणायला जागा आहे. भारतात २००७ पासूनच देशी रिटुक्सिमॅब कितीतरी स्वस्तात मिळत होते, त्यामुळे डॉक्टरांनी मंजुरीची वाट पाहिली नाही. स्वीडननेही हाच रस्ता धरला. तिथल्या २०२२ च्या चाचणीत दोन वर्षांत ॲटॅक आलेले रुग्ण रिटुक्सिमॅबवर ३ टक्के, डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्यांवर १६ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधयादीत रिटुक्सिमॅब एमएससाठी दाखल झाले. माहितीपत्रक तसेच राहिले. विम्याचा दावा अडतो तो बऱ्याचदा इथेच.

स्वस्त म्हणजे निर्धोक नव्हे. पहिल्या सलाईनला थंडी वाजणे, खाज, बीपी उतरणे होते, म्हणून आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचे औषध आणि स्टेरॉइड देऊन थेंब हळू सोडतात. वर्षानुवर्षे घेतल्यास इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली संसर्गाशी लढणारी प्रथिने) घटते, छातीचे व लघवीचे संसर्ग वाढतात. लशींचा प्रतिसाद मंदावतो, हे कोविडात दिसले. आपल्याकडे क्षयरोगाची तपासणीही आधी करून घेतात. दबलेली हिपॅटायटिस बीची कावीळ उसळू शकते. त्यासाठी नेहमीची पृष्ठभाग-अँटिजेन (HBsAg) तपासणी निगेटिव्ह आली म्हणून भागत नाही, जुन्या संसर्गाची खूण दाखवणारी कोअर अँटिबॉडीही (anti-HBc) पाहावी लागते.