गार इंजिनाची टिकटिक

वैभववाडी सोडून करूळ घाटाला लागलं की आमच्या गाडीचा दम जायचा. गाडी 2007 सालची, डिझेलची, टर्बो असलेली सात सीटर. सपाटीला बरी चालायची, पण चढ आला की दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत वर यायची आणि आरशात पाहिलं की मागच्या वळणावर काळ्या धुराचा पट्टा लोंबकळत असायचा. आई मधल्या सीटवर नाकाला पदर लावून बसायची. तिला घाट लागतो, असं आम्ही धरून चाललो होतो. पण गगनबावडा मागे पडला, कळे आलं, रस्ता सरळ झाला, तरी तिचं डोकं दुखायचं थांबायचं नाही. धूर आणि आईची डोकेदुखी एकाच जागेहून येत होती, हे कळायला आम्हाला एक अख्खा पावसाळा लागला.

काळा धूर म्हणजे नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) गेले, हे आपल्याकडे ठरलेलं उत्तर. आम्हीही दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे तेच ऐकलं आणि नोजल काढून दुरुस्त करून घेतले. पैसे गेले, धूर राहिला.

धुराचा रंग खरोखर काय सांगतो, ते आधी पाहू. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं हळूहळू सारली तर जाळ स्वच्छ पेटतो. एकदम भारा कोंबला की धुराड्यातून काळे लोट निघतात. चिपाडं तीच असतात, हवा पुरत नाही एवढंच. इंजिनातही हेच घडतं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल फवाऱ्याने आत येतं आणि हवेत मिसळायला त्याला फार थोडा वेळ मिळतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते. ती कमी पडली की डिझेलमधला कार्बन अर्धवट जळून काजळी होते. म्हणजे काळ्या धुराचा अर्थ ‘डिझेल जास्त’ असा जितका आहे, तितकाच ‘हवा कमी’ असाही आहे. नोजल ही पहिली बाजू. दुसरी बाजू एअर फिल्टर, दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे होज आणि हवा दाबून भरणारा टर्बो. तिथे पाहायला पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्हची सील किंवा टर्बोची सील यातलं काहीतरी झिजलेलं असतं. पांढऱ्याचे दोन प्रकार. थंड सकाळी निघणारी आणि थोड्या वेळात विरणारी वाफ निरुपद्रवी असते. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या सीलकडे, संशयाने पाहावं. पाणी जागेवर असून धुराला कच्च्या डिझेलचा उग्र वास येत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. तो ओळखायची जुनी रीत फार सुंदर आहे. गार इंजिन चालू करून लगेच मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या फाटेदार नळाच्या, प्रत्येक फाट्यावर पाण्याचा एकेक थेंब सोडायचा. जिथे थेंब चुर्र करून उडतो तो सिलिंडर जळतोय, जिथे नुसता ओघळतो तो आळशी. मात्र थेंबच सोडायचा, आणि तोही सुरुवातीलाच. लाल तापलेल्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, पाणी ओतलं तर तडा जातो.

आमचं निदान झालं ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडून. गाडी घेऊन गेलो तर त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. म्हणाले, ‘‘तापलेली गाडी काय बोलत न्हाई. रात्रभर उभी राहू दे. सकाळी मी घरला येतो, तवर चावी लावू नका.’’

सकाळी सात वाजता ते आले ते हातभर रबरी नळी घेऊन. नळीचं एक टोक कानाला, दुसरं इंजिनाजवळ, आणि मला म्हणाले, चालू करा. मग नळी माझ्या हातात दिली. मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि आतली सीटं यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूला, स्पष्ट ‘टिक टिक टिक’ येत होती. दहा मिनिटांत इंजिन तापलं आणि टिकटिक मावळली.

या टिकटिकीत बरंच गणित आहे. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या हिशेबाने एक सिलिंडर दर दोन फेऱ्यांनी एकदा धूर बाहेर टाकतो. म्हणजे मिनिटाला 400 वेळा, सेकंदाला सहा-सात वेळा. चार सिलिंडर मिळून सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठोके होतात, तेवढे कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची घरघर होते. सुटी टिकटिक ऐकू येते याचा अर्थ एकाच सिलिंडरच्या तोंडाशी गळती आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचा आवाजही याच लयीत येतो, त्यामुळे अनेकजण फसतात. फरक असा की गळतीचा आवाज अॅक्सिलरेटर दाबला की चढतो आणि इंजिन तापलं की बहुधा उतरतो. शिवाय गळती आपली खूण ठेवून जाते. मिस्त्रींनी मोबाईलची बॅटरी मारून दाखवलं, शेवटच्या फाट्याच्या फ्लँजवर पंख्यासारखी पसरलेली काजळी. त्याखाली मॅनिफोल्ड इंजिनाला आवळून धरणारा स्टड, म्हणजे आट्यांचा दांडा, होता, त्यावर नट नव्हता, आणि स्टडही अर्धाच होता.

शेवटचाच स्टड का तुटतो? कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे पटकन समजेल. मॅनिफोल्ड बिडाचं असतं. बीड एक अंश तापलं की आपल्या लांबीच्या लाखाव्या हिश्श्याहून किंचित जास्त वाढतं. ऐकायला नगण्य वाटतं. पण 45 सेंटिमीटरचं मॅनिफोल्ड सकाळच्या 25 अंशांवरून घाटात पावणेपाचशे अंशांवर गेलं की ते दोन मिलिमीटरहून जास्त लांबतं. ते इंजिनाच्या ज्या हेडवर बसवलंय त्यातून पाणी खेळत असतं, त्यामुळे हेड शंभरीच्या आतबाहेरच राहतं आणि अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. दोन्ही एकमेकांना आवळून धरलेले, आणि एक पसरतोय, दुसरा पसरत नाही. मधल्या स्टडला याची झळ लागत नाही, कारण पसरणं मधून दोन्हीकडे होतं. टोकाच्या स्टडला मात्र जवळजवळ एक मिलिमीटरचा हिसका बसतो. म्हणून टोकाची भोकं थोडी मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात, मॅनिफोल्डला सरकायला जागा मिळावी म्हणून. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती जागा भरून गेली की सरकणं बंद होतं आणि स्टड वाकायला लागतो. दिवसातून दोनदा तापून गार होणारी गाडी पंधरा वर्षांत दहा हजारांवर वेळा हा हिसका देते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. आणि गार असताना जी फट उघडी असते, ती मॅनिफोल्ड फुगलं की मिटते. टिकटिक दहा मिनिटांत का मावळली, त्याचं कारण हे.

पण आवाज मिटला म्हणजे गळती मिटली असं नाही. घाटात, पूर्ण जोरात असताना, दाब वाढतो आणि फट पुन्हा फुंकायला लागते. टर्बो चालतो तो याच धुराच्या जोरावर. मॅनिफोल्डमधून सुटलेला तापलेला वायू एका छोट्या चक्राला मिनिटाला लाखाच्या वर फेरे देतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी 1905 मध्ये ही कल्पना पेटंटमध्ये मांडली. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेणारी इतकी नेटकी युक्ती मला दुसरी दिसत नाही. पण टर्बोच्या आधीच वायू गळला तर चक्राला जोर मिळत नाही, हवा कमी भरली जाते, आणि आमच्या गाडीसारखा जुन्या धाटणीचा मेकॅनिकल पंप असेल तर पाय दाबला की डिझेल मात्र पुरेपूर येतं. काळा धूर आणि गेलेला दम, दोन्हींचं मूळ त्या अर्ध्या स्टडमध्ये होतं. नोजलचा यात काही दोष नव्हता.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. तुटलेला स्टड हेडच्या पातळीला आला होता, पकडायला काही नव्हतं. मिस्त्रींनी त्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग केलं आणि तो लाल असतानाच पान्याने अगदी हळू, पुढे-मागे करत फिरवला. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते, म्हणून हा मार्ग ड्रिल मारण्यापेक्षा चांगला. तिसऱ्या प्रयत्नात स्टड कुरकुर करत बाहेर आला. मग मॅनिफोल्डच्या बसायच्या बाजूवर सरळ पट्टी ठेवून फट मोजणाऱ्या फिलर गेजने तपासलं, तर ती टोकाला वाकलेली निघाली. वाकलेल्या फेसवर नवं गॅस्केट टाकलं तर ते महिन्याभरात फुंकतं. उद्यमनगरात दोन गल्ल्या सोडून फेस मारून, म्हणजे ती बाजू घासून सपाट करून, मिळाला, हे कोल्हापूरचं भाग्य. मॅनिफोल्डला तडा असता तर गोष्ट वेगळी होती. साध्या ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, तडा त्या पापुद्र्यांवरून धावत जातो. एसजी आयर्नमध्ये ते गोळ्यांच्या रूपात असतं, म्हणून ते जास्त सोसतं. बिडाला निकेलच्या रॉडने, आधी तापवून आणि नंतर राखेत हळूहळू गार करून जोडता येतं, पण रोज पाचशे अंश पाहणाऱ्या भागाला असं ठिगळ किती टिकेल याची खात्री नाही. मी तरी नवंच घेतलं असतं.

बसवताना नट मधून टोकाकडे, थोडे थोडे करत टॉर्क रेंचने आवळले. तापून गार झाल्यावर ते पुन्हा तपासायचे असतात. आठवड्याने तपासले तेव्हा दोन नटांनी थोडी जागा घेतलीच.

गाडी वर घेतलीच होती म्हणून मागचा सायलेन्सरही पाहिला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तसा बुडाचा पत्रा आत गेला. गगनबावड्याचा पाऊस सायलेन्सर खातो असं आपण म्हणतो, पण तो जास्त करून आतून सडतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं, कारण डिझेलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. घर ते रंकाळा, रंकाळा ते घर एवढंच चाललं तर मागचा डबा तापतच नाही आणि पाणी तिथेच साचतं. त्यात गंधकाचं आम्ल मिसळतं. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक फार होतं, प्रदूषणाच्या जुन्या बीएस-3 नियमांच्या इंधनात दर दहा लाख भागांमागे 350 भाग, आता बीएस-6 मध्ये 10. तरी पाणी एकटंही पुरेसं आहे. म्हणूनच अनेक सायलेन्सरच्या बुडाला पेन्सिलच्या टोकाएवढं भोक दिलेलं असतं. ते गंजाचं भोक समजून वेल्डिंगने बुजवू नका. आमच्या जुन्या डब्याचं कुणीतरी बुजवलेलं होतं.

आता आईच्या डोकेदुखीकडे. गळती फायरवॉलशी होती आणि एसीची बाहेरची हवा घेणारी जाळी काचेच्या खाली, तिथून हातभर अंतरावर. ब्लोअर लावला की धूर थेट आत. यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी चिकटतो. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण डिझेलच्या धुरातले बाकीचे घटकही मळमळ आणि डोकेदुखी आणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. गाडीत कुणाला सतत ‘घाट लागत’ असेल, विशेषतः लहान मुलांना, तर आवळासुपारीच्या आधी एकदा गळती तपासा, ही माझी कळकळीची विनंती.

आमची पीयूसी, म्हणजे धुराची सरकारी तपासणी, त्या दिवसांतही पास होती. त्या यंत्रात धुरातून प्रकाशाची तिरीप सोडतात. आमच्या वयाच्या डिझेल गाडीला 2.45 ही मर्यादा, म्हणजे 43 सेंटिमीटर धुरातून जाताना साधारण 65 टक्के प्रकाश अडला तरी चालतो. आमचा आकडा 2.38 होता, आता 1.2 आला. पण ती चाचणी उभ्या गाडीवर, ओझं नसताना होते, आणि शेपटीतून काय निघतं तेवढंच मोजते. मधे कुठे काय गळतं, ते त्या कागदावर येत नाही.

एक गोष्ट बाकी आहे. अशा चौकोनी गाड्यांच्या पाठीमागे धावताना हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. मागची काच उघडी असली किंवा दाराचं रबर फाटलेलं असलं की तो आत ओढला जातो. जोतिबाच्या खेट्यांना मागचं दार उघडं टाकून पोरं बसवलेल्या गाड्या मी दरवर्षी पाहतो, आणि त्या पोरांना खाली उतरवावंसं वाटतं. आमच्या मागच्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलंय. नवं मागवलंय, ते येईपर्यंत आई पुढच्या सीटवर बसते.