कुत्र्यांनी शेळ्या-मेंढ्या फाडल्या तर: तक्रार कुठे करायची, कागद कोणते लागतात आणि काय करायचं नाही

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शेजारच्या वाडग्यात, म्हणजे शेळ्यांच्या गोठ्यात गेलो, ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. गाभण शेळी कोपऱ्यात पडलेली, मागच्या मांडीचा लचका तुटलेला, धापा टाकत होती. दोन करडं मेलेली, पण खाल्लेली नव्हती. एका पाटीचा, म्हणजे तरुण शेळीचा, कान फाटून लोंबत होता. जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "मटणात औषध घालून ठेवा, दोन दिवसांत सगळी संपतील." दुसऱ्याने मेलेली करडं उचलून ओढ्यात फेकून दिली. दोघांचाही राग खरा होता, पण पहिल्याचं ऐकलं असतं तर गुन्हा घडला असता आणि दुसऱ्याने भरपाईचा पुरावाच ओढ्यात टाकला. त्या कुटुंबाला शेवटी एक पैसाही मिळाला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. यातले नियम भारताचे आहेत, कार्यपद्धती महाराष्ट्रातली.

पहिले काही तास

आधी जिवंत जनावराकडे बघा. चावलेली जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हातात मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, कारण जखमेवर कुत्र्याची लाळ असते आणि तुमच्या हाताला खरचटलेलं असू शकतं. मग १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. ताडपत्रीने झाका, राखण ठेवा. मोबाईलवर फोटो काढा: आधी पूर्ण वाडगं, मग प्रत्येक जनावर, मग प्रत्येक जखम, आणि कानातला बिल्ला त्यावरचे बारा आकडे वाचता येतील इतक्या जवळून. जमिनीवर ठसे उमटले असतील तर शेजारी काडेपेटी ठेवून त्यांचाही फोटो घ्या, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

कोणी मारलं, हे आधी ठरतं

सगळी भरपाई या एका प्रश्नावर अडते. बिबट्या, लांडगा, तरस किंवा रानकुत्री यांनी जनावर मारलं तर वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते. पाळीव किंवा भटका कुत्रा त्या योजनेत येत नाही. रानकुत्रा, म्हणजे कोळसून, हा वेगळा वन्यप्राणी आहे. गावातली मोकाट कुत्री म्हणजे रानकुत्री नव्हेत.

खुणा बऱ्याच बोलक्या असतात. बिबट्या नरडं धरतो, तिथे सुळ्यांच्या खोल खुणा दिसतात आणि शिकार तो ओढून नेतो. त्याच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत. कुत्री मागून धरतात. मांड्या, शेपटीची जागा, पोट, कान असे अनेक वेडेवाकडे चावे असतात, बरीच जनावरं जखमी होतात आणि खाल्लेलं थोडंच असतं. लांडगाही नरड्याला धरतो आणि कोकरू उचलून पळतो, पण त्याचा ठसा कुत्र्यासारखाच असतो. तिथे अनुभवी माणूसही चुकतो. थोडी जरी शंका असेल तर वनरक्षकाला ४८ तासांच्या आत कळवा आणि त्याला जागेवर येऊन पंचनामा करू द्या. "कुत्र्यांनीच खाल्लं असेल" असं आपल्या तोंडून आधी बोलू नका. पंचनाम्यात तेच उतरतं आणि मग हक्काची भरपाई जाते. तसंच, कुत्र्यांचं काम बिबट्याच्या नावावर लिहून घेण्याचा आग्रहही धरू नका. खोटा पंचनामा हा गुन्हा आहे, आणि त्यापायी गावात नाहक पिंजरा लागतो.

कोण कशाला पात्र

कुत्रा पाळीव असेल आणि मालक माहीत असेल, तर नुकसान मालकाकडून मागायचं. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पण एक गोष्ट समजून घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ हे जनावराबाबत हलगर्जीपणा करणाऱ्या मालकासाठी आहे, मात्र त्यात धोका माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा असावा लागतो. नुसती शेळी मेली, तर पोलीस बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद करतात. वाडग्यात मूल झोपलेलं होतं, राखणदारावर कुत्रा धावून आला, असं खरोखर घडलं असेल तर ते तक्रारीत स्पष्ट लिहा. मालकाने मुद्दाम कुत्रा सोडला असेल तर बाब गंभीर होते. जनावर मारणं, त्याला विष देणं किंवा निकामी करणं यासाठी कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पैशांची वसुली दिवाणी मार्गाने होते. तिथे कळीचा मुद्दा असतो तो हा की कुत्र्याची खोड मालकाला आधीपासून माहीत होती का. म्हणून कुत्रा पहिल्यांदा नुसता कळपामागे लागला, एकही जनावर मेलं नाही, तरी मालकाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवून ठेवा. वर्षभराने शेळी मेली तर तो जुना कागदच दावा उभा करतो. शेजाऱ्याशी कशाला बिघडवा, म्हणून लोक हे टाळतात. मला विचाराल तर नम्र भाषेतल्या चिठ्ठीने संबंध बिघडत नाहीत, मेलेल्या शेळीने बिघडतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, दिव्यांग आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे नागरिक मोफत वकिलास पात्र आहेत. दावा दाखल होण्याआधी लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते.

कुत्री भटकी असतील तर जबाबदारी स्थानिक संस्थेची. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींनी करायचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी-लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं, पण रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. तुमच्या अर्जात "आक्रमक" हा शब्द आणि त्याचा पुरावा म्हणूनच हवा. तमिळनाडूने २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांनी मारलेल्या जनावरांसाठी भरपाई जाहीर केली, तीही शेतकरी रस्त्यावर उतरल्यावर. आपल्याकडेही ही मागणी ग्रामसभेच्या ठरावाने वर गेली पाहिजे.

विमा असेल तर कुत्रा कोणाचा हा प्रश्नच मागे पडतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ च्या बदलानंतर पशुपालकाचा हप्त्यातला वाटा १५ टक्के आहे आणि एका कुटुंबाला शंभरापर्यंत शेळ्या-मेंढ्यांचा विमा काढता येतो. कानात बिल्ला नसेल तर दावा मंजूर होत नाही.

कागद

आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, जनावराच्या बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक, पशुधन विकास अधिकाऱ्याचा (सरकारी पशुवैद्याचा) शवविच्छेदन अहवाल, जखमी जनावरांच्या उपचाराचा कागद, पंचनामा, फोटो आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. विमा असल्यास पॉलिसीची प्रत. हल्ला कुत्र्यांचाच हे नक्की असेल आणि शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण फक्त "जखमा" असं लिहिलेलं असेल तर "कुत्र्याच्या चाव्याच्या जखमा" असं स्पष्ट लिहिण्याची विनंती तिथल्या तिथे करा. जनावराची किंमतही नोंदवून घ्या. गाभण किंवा दुभती असल्यास तसा उल्लेख हवा.

अर्ज साधा असावा: "माझ्या मालकीच्या अमुक बिल्ला क्रमांकांच्या शेळ्यांवर अमुक तारखेला पहाटे अमुक वाजता तीन कुत्र्यांनी हल्ला केला. एक मृत, दोन जखमी. हीच कुत्री याआधी अमुक तारखेला कळपावर आली होती. सदर आक्रमक कुत्री नियमानुसार पकडून लसीकरण व नसबंदी करावी, आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी." ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावाने तीन प्रती काढा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तिसरी प्रत पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाला द्या, कारण कुत्री पकडायची सोय बहुतेक ग्रामपंचायतींकडे नसते.

काठी कुठपर्यंत

हल्ला चालू असताना जनावर वाचवण्यासाठी काठी उचलली, दगड मारला, त्यात कुत्र्याला इजा झाली, तर ती सद्भावनेने आणि गरजेपुरती असेल तोवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ चा आधार घेता येतो. कुत्रा पळाला की हा आधार संपला. दुसऱ्या दिवशी शोधून मारणं, फास लावणं, पाय तोडणं हे प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि कलम ३२५ खाली येतं.

विषाबद्दल तर माझं मत अगदी ठाम आहे. विष घातलेलं मांस ज्याने शेळी मारली तोच कुत्रा खाईल याची खात्री नसते. ते राखणीचा कुत्रा खातो, कोल्हा खातो, मेलेल्यांवर घार आणि गिधाड उतरतं. तासभर झटके देऊन मरणं काय असतं हे ज्याने एकदा पाहिलं, तो पुन्हा औषधाची गोष्ट काढणार नाही. बहुतेक वेळा हल्ला करणारी कुत्री कुणीतरी पाळून सोडलेली, किंवा उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि मढ्यांवर वाढलेली असतात. मढं खोल पुरणं आणि रात्री पाळीव कुत्रं बांधणं, एवढं गाव करू शकतं.

अर्जानंतर

काहीच हालचाल झाली नाही तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवा. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

इकडे कुत्रा चावलेल्या जनावरांच्या रेबीजच्या लसी चुकवू नका. पहिला डोस ज्या दिवशी द्याल तो शून्य दिवस धरून पुढे ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी इंजेक्शन असतं. त्या शेळीचं कच्चं दूध कोणी पिऊ नये. ती वेगळ्याच आवाजात ओरडायला लागली, लाळ गाळू लागली किंवा मागचे पाय ओढू लागली, तर तिला वेगळी बांधा आणि तोंडात हात न घालता डॉक्टरांना बोलवा.