आर्टिचोक

(हिं. हाथीचक; कुल : ॲस्टरेसी). भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील बहुवर्षायू ओषधी. शास्त्रीय नाव सायनारा कार्डुन्क्युलस, प्रकार स्कॉलिमस. उंची सुमारे १.५ ते २ मी.; पाने मोठी, खोल विभागलेली, राखी-हिरवी. लागवड न उमललेल्या स्तबकासाठी (बोंडासारख्या कळीसाठी) होते. करडई आणि माळरानावरची उटकटारी याच कुलातल्या. करडईचे बोंड हातात घेऊन पाहिलेल्या माणसाला आर्टिचोक वेगळे समजावून सांगावे लागत नाही : छदांची (फुलाखालच्या लहान पानांसारख्या अवयवांची) मांडणी तीच, फक्त इथे छदे जाड, मांसल आणि एकावर एक खवल्यांसारखी बसलेली असतात. जेरुसलेम आर्टिचोक मात्र सूर्यफुलाच्या प्रजातीतील कंद असून, चवीतल्या साम्यामुळे त्याला हे नाव मिळाले.

मूळ : ही वनस्पती रानटी कार्डूनपासून (याच जातीच्या काटेरी वनस्पतीपासून) आली, याबद्दल आता फारसे दुमत नाही. वाद आहे तो मार्गाचा व काळाचा. देठांसाठी लावले जाणारे लागवडीचे कार्डून आधी आले आणि त्यातून आर्टिचोक निवडले गेले, असे एक जुने मत. विकरे (एंझाइमे) व डीएनए यांच्या तुलनेतून मात्र दोन्ही पिके रानटी कार्डूनमधून स्वतंत्रपणे निवडली गेली असावीत असे दिसते : एकात कळीचा आकार वाढवला, दुसऱ्यात पानांचे देठ. तिन्हींचा आपसांत सहज संकर होतो आणि गुणसूत्रे तिन्हींत ३४ च. आर्टिचोकची निवड इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास, बहुधा सिसिलीत, तर कार्डूनची बरीच नंतर पश्चिमेकडे झाली, हे मत येथे अधिक ग्राह्य मानले आहे.

प्राचीन ग्रंथांचा पुरावा मोलाचा आहे, पण तो जपून वापरावा लागतो. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थीओफ्रॅस्टस (इ. स. पू. सु. ३७१–२८७) सिसिलीतील ‘काक्टोस’चे वर्णन करतो : सोललेले देठ खातात आणि केसाळ भाग काढल्यावर उरणारे पुष्पासनही (फुलाचा बुडाचा मांसल भाग) खाण्याजोगे असते. आजही स्वयंपाकघरात नेमके हेच करतात. पण यावरून खाण्याची रीत जुनी एवढेच ठरते. झाड रानटी की लावलेले, हे ठरत नाही. रोमन लेखक प्लिनीने कार्थेज व कॉर्डोबा येथील लहान वाफ्यांतून ‘कार्डुउस’चे ६,००० सेस्टर्स (रोमन नाणी) उत्पन्न येते असे नोंदवून या चैनीवर टीका केली. त्याच्यासमोर आर्टिचोक होते की कार्डून, याचा निर्णय शब्दावरून होत नाही.

नाव : अरबी ‘अल्-खर्शूफ’वरून स्पॅनिश ‘अल्काचोफा’ व इटालियन ‘कार्चोफो’, उत्तर इटलीतील ‘आर्तिचोक्को’ या रूपातून इंग्रजी शब्द आला. अरबी ‘अर्दी शौकी’ हे मूळ असल्याचे वारंवार लिहिले जाते, ते उलटे आहे : तो शब्द युरोपीय नावावरून अरबीत घडला. हिंदीतील ‘हाथीचक’चाही हत्तीशी संबंध नाही.

लागवड : बियांपासून आलेली रोपे एकसारखी निघत नाहीत, पुष्कळदा काटेरी निघतात, म्हणून पारंपरिक लागवड बुंध्याजवळच्या फुटव्यांनी करतात. इटली, ईजिप्त व स्पेन हे प्रमुख उत्पादक. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कॅस्ट्रोव्हिल परिसर यासाठी प्रसिद्ध आहे.

उपयोग : कळी उकडून किंवा वाफवून एकेक छद ओढतात व त्याच्या बुडाचा गर दातांनी खरवडून खातात. मधला केसाळ पुंजका चमच्याने काढल्यावर वाटीसारखे पुष्पासन हाती लागते. ते सर्वांत चविष्ट. कापलेला भाग हवेत लगेच काळवंडतो, म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकतात. आर्टिचोक खाऊन लगेच पाणी प्यायल्यास ते अनेकांना गोड लागते. त्यातील सायनारिन व क्लोरोजेनिक अम्ल या द्रव्यांचा जिभेवरील परिणाम हे त्याचे कारण. रोममध्ये पुदिना-लसूण भरून शिजवलेले आणि ज्यू वस्तीतले अख्खे तळलेले, असे दोन प्रकार नावाजलेले आहेत. कळी न तोडल्यास जांभळे फूल उमलते. कार्डूनच्या अशाच वाळवलेल्या फुलांनी पोर्तुगालमध्ये चीजसाठी मेंढीचे दूध साकळवतात.

महाराष्ट्रात आर्टिचोक बहुधा बरणीतून किंवा डब्यातूनच पोचते.