निष्क्रिय बचाव आणि सक्रिय बचाव: मोहरा मागे घेतला म्हणजे माघार नव्हे

बुद्धिबळाच्या डावाच्या मध्यात दबाव आला की ‘सक्रिय बचाव कर’ असं सगळेच सांगतात. ऐकणारा त्याचा अर्थ ‘काहीतरी पुढे ढकल’ असा घेतो आणि डाव तिथेच बिघडतो. मोहरा पुढे गेला की मागे, यावरून बचाव कुठल्या जातीचा ते मुळीच कळत नाही.

नेहमीची स्थिती घ्या. तुम्ही काळ्याकडून खेळताय, राजा जी८ वर (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८), हत्ती ई८ वर सरकलेला. पांढऱ्याचा उंट डी३ वर, त्यामागे सी२ वर वजीर, दोघांचा डोळा एच७ च्या प्याद्यावर. जी६ वर प्यादं ढकललं की कर्ण, म्हणजे ती तिरकी रेघ, बंद. चाल ठाम वाटते, पण एफ६ आणि एच६ ही घरं कायमची पोकळ, म्हणजे त्या प्याद्याच्या राखणीविना, होतात, कारण प्यादं मागे येत नाही. त्याऐवजी डी७ चा घोडा एफ८ वर न्या. एच७ राखलं जातं, राजापुढचं एकही प्यादं हलत नाही, आणि गरज पडली तर हाच घोडा जी६ वर येऊन कर्णात उभा राहतो. दिसायला माघार, पण मला यापेक्षा सुंदर बचाव क्वचितच दिसतो.

निष्क्रिय बचावात मोहरा पहारेकरी बनतो. वजीर एका प्याद्याला राखत बसला की प्रतिस्पर्धी त्यावर आणखी एक मोहरा आणतो, मग तुम्हीही आणता. चाली तुमच्या, पण ठरवतो तो.

सक्रिय बचाव प्रतिस्पर्ध्याचा बेतच मोडतो. १९५३ च्या झ्युरिक कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) पेट्रोसियनविरुद्धच्या डावात रेशेव्स्कीची मधली प्यादी पुढे सरकायच्या तयारीत होती. पेट्रोसियनने २५ व्या चालीत ई७ चा हत्ती ई६ वर ठेवला, जिथे जी४ चा उंट तो सरळ खाऊ शकत होता. ई७ मोकळं झालं, सी६ चा घोडा तिथून डी५ वर पोहोचला आणि प्यादी जागीच अडली. रेशेव्स्कीने हत्ती घेतला, तरी डाव बरोबरीत सुटला.

चाल शोधताना मी आधी मनात प्रतिस्पर्ध्याला सलग दोन चाली देतो. त्याला काय हवंय ते तिथे दिसतं. हल्ल्यात आणायला त्याच्याकडे आणखी मोहराच उरला नसेल, तर मात्र खुशाल पहारा द्यावा.