वेदनाशामक बदलल्यावर घाम, जुलाब : हे व्यसन नव्हे

कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी हमखास पोचणारा फॉरवर्ड : ‘मॉर्फिन बदलून दुसरं औषध दिल्यावर घाम फुटला, अंग मोडून आलं, की समजा व्यसन लागलं.’

भीती समजण्यासारखी आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. काही आठवडे रोज मॉर्फिन घेतलं की शरीर त्याला सरावतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तरी ते असंच बिथरतं, आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसनात तलफ असते, घेण्यावरचा ताबा सुटतो, नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही.

मग अदलाबदलीत त्रास का? जुन्या औषधाची सवय नव्याला पूर्णपणे लागू पडत नाही, म्हणून नवी मात्रा हिशोबापेक्षा मुद्दाम कमी ठेवतात. त्यात फेंटानिल या वेदनाशामकाच्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीचा असर चढायला 12 ते 24 तास लागतात. ब्युप्रेनॉर्फिन या आणखी एका वेदनाशामकाचं गणित आणखी निराळं : मॉर्फिन पेशींवर जिथे बसतं त्याच जागा घट्ट धरून ते मॉर्फिनला हुसकावतं, पण स्वतः अर्धवटच काम करतं.

पडताळायचं तर वेळा लिहून ठेवा : जुना डोस कधी थांबला, नवा कधी सुरू झाला, जांभया, नाक गळणं, जुलाब कधीपासून. ही नोंद डॉक्टरांना दाखवा. मात्रा कमी पडत असेल, तर ती सुधारल्यावर लक्षणं ओसरतात. उरलेली जुनी गोळी मनाने देऊ नका. रुग्ण हाकेला उठत नसेल, श्वास मंदावला असेल, तर पट्टी काढा आणि थेट रुग्णालय गाठा.